कॅबिनेट उघडलं म्हणून काय झालं?

ब्रँडेड कॉम्प्युटरच्या पाठीमागे, साइड पॅनलच्या एखाद्या स्क्रूवर, नखाएवढा चंदेरी स्टिकर असतो. सोलायला गेलात तर तो अखंड निघत नाही. चांदी बोटाला येते आणि पत्र्यावर ‘व्हॉइड’ ही अक्षरं उमटून राहतात. आमच्याकडचं गिऱ्हाईक विजेला भीत नाही, या स्टिकरला भितं. वायरी उघड्या पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड पायाखाली घेऊन वर्षभर काम करणारा माणूस मशीन काउंटरवर ठेवताना आधी विचारतो, ‘‘सील तर तुटणार नाही ना ओ? वॉरंटी हाय अजून.’’

मी हे काम शिकलो लातुरात, गांधी चौकाजवळच्या एका दुकानात, आणि स्वतःचं दुकान टाकलं नांदेडला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता धरून आजही महिन्यातून लातूरला जाणं होतंच, कारण जुनी गिऱ्हाइकं सुटत नाहीत. शिकलो ते दिवस एमएस-सीआयटीचे. २००१ नंतर तालुक्याच्या गावीसुद्धा सेंटरं निघाली, सेंटरांत मशीन आल्या आणि त्या चालू ठेवायला आमच्यासारखी पोरं लागली. त्या बहुतेक मशीन असेंबल केलेल्या. कॅबिनेट उघडायला परवानगी लागते हे आमच्या गावीही नव्हतं. जो बनवायचा तोच उघडायचा, आणि सेंटरचा मालकसुद्धा साइड पॅनल काढून पंखा लावून बसायचा.

म्हणून मला विचाराल तर कॅबिनेट उघडल्याने वॉरंटी जाता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘माझे पैसे, माझी वस्तू’ हे त्याचं एक कारण झालं, पण ते वकिलांनी मांडावं. माझं कारण धुळीचं आहे.

मराठवाड्यात कॉम्प्युटर धुळीने मरतो. नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या एखाद्या अडतीवरून आलेलं कॅबिनेट उघडलं की आधी हळदीचा वास येतो. पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर, मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिवळी रेघ. लातूरच्या डाळ मिलच्या ऑफिसातलं मशीन असेल तर तुरीचा भुसा. कोचिंग क्लासवाल्यांच्या मशीनमध्ये खडूची पूड, आणि रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळंच. प्रोसेसरवरचा पंखा काढला की खाली अॅल्युमिनिअमच्या पट्ट्या दिसायला पाहिजेत, त्या दिसतच नाहीत. पट्ट्या आणि पंखा यांच्यामध्ये धूळ दाबून दाबून नमद्यासारखी झालेली असते. कडेला चिमटीत धरून हळू ओढली तर अख्खी चकती निघते. पंखा त्या चकतीवर जीव तोडून फिरत असतो आणि वारा खाली पोचत नाही. बाहेर मे महिन्याचे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आत प्रोसेसर शंभराच्या घरात. एवढा तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘हँग होतंय, फॉरमॅट मारून द्या.’’ फॉरमॅट मारून काही होत नाही. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, ब्लोअर मारायचा, ब्रशने कोपरे काढायचे, जुनी वाळलेली पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याहून लहान ठिपका नवी लावायची. अर्ध्या तासाचं काम आहे. (पातं न धरता ब्लोअर मारणारे खूप आहेत. वाऱ्याने पंखा भिरभिर फिरतो, पोरांना गंमत वाटते, आणि बेअरिंग जातं.)

आता वॉरंटीचा कागद काढून वाचा. अनेक कागदांवर लिहिलेलं असतं की मशीन स्वच्छ ठेवा, हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, आणि धूळ, ओल, कीटक यांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. बरं, मग साफ करायचं कसं? तर उघडायचं नाही. म्हणजे धूळ साचली तर दोष तुमचा, आणि काढायला गेलात तर वॉरंटी गेली. हा कागद ज्याने लिहिला त्याने मोंढ्यात एक उन्हाळा काढलेला नाही.

पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. मृगाचे ढग आले, हवेत दमटपणा आला की मशीन चालू होताना बीप-बीप ओरडतात आणि स्क्रीन काळाच राहतो. यातल्या निम्म्याहून जास्त मशीनचं दुखणं रॅमच्या दातांवर असतं. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलायच्या, पट्टी वर येते. तिचे सोनेरी दात उजेडात तिरके धरले की त्यांच्यावर काळपट साय दिसते. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्यायचं. पेनाचं निळं खरखरीत घेऊ नका, ते मुलामा खरवडतं. एकाच दिशेने चार हात मारायचे, कचरा झटकायचा, स्लॉटमधून कोरडा ब्रश फिरवायचा आणि पट्टी दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबून बसवायची. दोन्ही खिट्ट्या ‘टक’ वाजल्या पाहिजेत. एकच वाजली तर पट्टी तिरकी बसली आहे, चालू करू नका. यात कुठला पार्ट बदलला, काय तोडलं? पण सील असेल तर एवढ्यासाठी कंपनीत तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची.

आणि वाट म्हणजे खरीच वाट. पुण्या-मुंबईत ‘सर्व्हिस सेंटरला टाका’ म्हणणं सोपं आहे. किनवटचा किंवा देगलूरचा माणूस सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीने नांदेडला आणतो तेव्हा त्याचा दिवस मोडतो, आणि इथं त्याला कळतं की मशीन छत्रपती संभाजीनगरला नाहीतर हैदराबादला जाणार. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचं मशीन दहा दिवस गेलं म्हणजे दहा दिवसांचे दाखले, पीक विम्याचे अर्ज गेले. विम्याची शेवटची तारीख काही सर्व्हिस सेंटरसाठी थांबत नाही.

गंमत बघा, असेंबल केलेल्या मशीनला हा सीलचा सोहळाच नसतो. तिथं वॉरंटी एकेका पार्टची असते. मदरबोर्डची वेगळी, रॅमची वेगळी, एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेगळी. डीलर पार्टवर महिना आणि सालाच्या आकड्यांचा आपला छोटा स्टिकर लावतो, आकड्यावर पेनाची खूण करतो, झालं. त्या पार्टला कॅबिनेटमध्ये कुणी बसवलं, कितीदा काढलं, याची विचारणा कुणी करत नाही. पार्ट फुटलेला नाही, जळालेला नाही, नंबर जुळतो, की बदलून मिळतो. तोच मदरबोर्ड, तीच रॅम ब्रँडेड डब्यात गेली की एकदम सोवळ्यात जाते.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. डेलसारख्या कंपन्या आपल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअलं उघडपणे देतात. पॅनल कसं सरकवायचं, रॅम कशी काढायची, चित्रांसकट. एचपी आणि लेनोवो तर ठरावीक पार्ट ग्राहकाने स्वतःच बदलायचे असं सांगून ते घरी पाठवण्याची सोय ठेवतात. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तो आत पाच स्लॉट रिकामे ठेवून, लोकांनी उघडून कार्डं बसवावीत म्हणूनच. त्याच्या तांत्रिक पुस्तकात सर्किटच्या आकृत्यासुद्धा होत्या. आम्हा सगळ्यांचं पोट त्या उघड्या पेटीवर चालतं. तीन वर्षांनी, १९८४ साली, अॅपलचा मॅकिंटॉश आला तो मात्र स्लॉटविना, आणि त्याचे स्क्रू टॉर्क्स जातीचे, हँडलच्या खोल भोकात बसवलेले, लांब दांड्याच्या खास स्क्रूड्रायव्हरशिवाय न निघणारे. तेव्हापासून हे दोन पंथ चालू आहेत. दोन्हींत चांगली यंत्रं झाली, पण गावाकडे टिकली ती पहिल्या पंथाची.

कंपनीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कुणीही उघडून काहीही मोडून आणेल, आम्ही किती भरून द्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण उघडल्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि बिघडवल्याच्या वेगळ्या, आणि हे धंद्यातल्या कुणालाही पहिल्या नजरेत कळतं. प्रोसेसर तिरका बसवला तर सॉकेटमधल्या केसाएवढ्या पिना वाकतात. टॉर्च आडवा धरून पाहिलं की सरळ रांगेत एक चमक चुकीची दिसते. स्क्रूड्रायव्हर सटकला तर मदरबोर्डच्या हिरव्या रंगावर ओरखडा येतो आणि त्याखाली तांब्याची रेघ तुटलेली दिसते. रॅम उलटी दाबली तर स्लॉटची खाच तुटते. असं काही दिसलं तर खुशाल वॉरंटी नाकारा, मी कंपनीच्या बाजूने सही करीन. पण हार्ड डिस्क आपल्या मरणाने मेली आणि तुम्ही बोट दाखवता साइड पॅनलच्या स्टिकरकडे, हे मला मंजूर नाही. स्टिकरने एवढंच होतं की बिघाड कशाने झाला हे बघण्याची कंपनीची कटकट वाचते आणि सिद्ध करायचं ओझं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जातं.

सील काही ठिकाणी हवंच, हेही सांगतो. एसएमपीएसच्या डब्यावरचं सील मी स्वतः कुणाला तोडू देत नाही. आपली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच बसून असते. पाल शिरून मेलेली आहे म्हणून काडी घालून काढायला गेलेला माणूस झटका खातो. हार्ड डिस्कचंही तसंच. तिचं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगर. तिचं झाकण दुकानात उघडलं की डेटावर पाणी सोडा. म्हणजे सीलबंद पार्ट ही एक गोष्ट आणि ते पार्ट ठेवायचा पत्र्याचा डबा ही दुसरी. डब्याला पार्टचा मान देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

सीलबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात आणखी एक भीती असते, ती आमच्या धंद्याने कमावलेली आहे. आठ जीबीची रॅम काढून चार जीबीची घालणारे, चांगली डिस्क काढून जुनी लावणारे आहेत, नाहीत असं कुठल्या तोंडाने म्हणू? त्यांच्यापासून स्टिकर वाचवतो असं लोकांना वाटतं. खरं तर आत काय होतं हेच माहीत नसेल तर स्टिकर काय वाचवणार? माझ्याकडे मशीन उघडतं ते मालकासमोर. रॅम आणि डिस्कचे नंबर पावतीवर लिहितो, मालक मोबाइलमध्ये फोटो काढतो, मग स्क्रूड्रायव्हर पुढे जातो. पॅनल काढण्याआधी प्लग काढतो, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो. लातूरच्या कोरड्या थंडीत स्वेटरवरची स्थिर वीज रॅमचा जीव घेऊ शकते, आणि तिची खूण मात्र कुठंच दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा कायदा आहे. त्याच्या आधारावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, आसुस, एचटीसी आणि ह्युंदाई यांना इशारापत्रं पाठवली. आमचेच पार्ट वापरा, आमच्याकडेच दुरुस्त करा, सील तुटलं तर वॉरंटी नाही, अशा अटी लादू नका, असा त्याचा सूर. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या स्टिकरवर वेगळा कायदा नाही. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोकला. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्याची चर्चा खूप झाली. त्याच आदेशातलं दुसरं कलम मला दंडापेक्षा मोलाचं वाटतं. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असं आयोगाने बजावलं. हेच कॉम्प्युटरला लावा, मला दुसरं काही नको. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. यादीत ट्रॅक्टर आला याचा आनंद आहे. कॉम्प्युटरचा डबाही नावाने यायला हवा होता.

तोवर तुम्ही एवढं करा. घेतानाच विचारा, उघडून साफ केलं तर चालेल का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. सील तुटलं म्हणून वॉरंटी नाकारली तर बिघाड नेमका कशाने झाला हे लेखी मागा. तोंडी ‘नाही’ घेऊन परत येऊ नका. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर कंपनीचं ऑफिस कुठंही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नांदेडला आणि लातूरला दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही.