समई आणि बंपर

आमच्या फोंड्याच्या घरी दसऱ्याला दोन वस्तू चकचकीत व्हायलाच हव्यात, असा बाबांचा दंडक होता. देवघरातली समई आणि अंगणातली फियाट. समई आईकडे, फियाट बाबांकडे. बाबा गेल्यावर गाडी दोन पावसाळे शेडमध्ये तशीच उभी राहिली आणि बंपरवर तांबूस ठिपके उमटले.

आम्ही तिला फियाट म्हणतो, पण कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या फियाटचेच हे पुढे ठेवलेले नाव. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली. ती बातमी वाचली आणि मला राहवेना. रविवारी बादली घेऊन बसलो.

उत्साह दांडगा! पॉलिश पेपर घेतला आणि डाव्या कोपऱ्यावर जोर काढला. ठिपके गेले, पण त्यांच्याबरोबर चकाकीही गेली. तळहाताएवढा भाग मंद, पिवळट दिसू लागला.

आई पायरीवर बसून चिंचेने समई घासत होती. म्हणाली, "अरे, समई आतबाहेर पितळेची. घासशील तितकी उजळेल. त्याला वरून मुलामा! कल्हईचं भांडं कोण असं घासतं?"

आईचे अगदी खरे. बंपर पोलादाचा, त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोम. हा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. बारीक छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोचते आणि गंज आतून वर येतो.

उरलेला बंपर मग रीतीने केला. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगळला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. धुऊन, कोरडे पुसून वर मेण लावले. जिथे मुलामा शाबूत होता तिथे बाबांच्या वेळची चकाकी दिसली.

बाबा दर रविवारी नुसत्या ओल्या फडक्याने बंपर पुसत. हे कसले पुसणे, असे मला वाटायचे. आहे ती चकाकी ते राखत होते, हे आता कळले.

धाकटा म्हणतो, "दादा, नवा मुलामा देऊन आण ना!" देईनही एखाद्या वर्षी. सध्या तो कोपरा तसाच आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना आई ती नेमकी त्या कोपऱ्यावरून घेते. बोलत मात्र काही नाही.