मोटारसायकलवरून नर्मदेच्या उगमाकडे

जबलपूरला येणारा प्रवासी भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहतो, धुवांधारच्या तुषारांत भिजतो, नौकेतून फेरफटका मारतो आणि परतीची गाडी पकडतो. एवढे पाणी कोठून येते, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. वाचकहो, तुमच्याजवळ पाच दिवसांची सवड, एक धडधाकट मोटारसायकल आणि मागच्या बैठकीवर बसायला एक विश्वासू सोबती असेल, तर या प्रश्नाचे उत्तर शोधायला अवश्य निघा. जबलपूर, मंडला, डिंडोरी, अमरकंटक आणि परत जबलपूर असा हा सुमारे सव्वापाचशे किलोमीटरांचा फेरा आहे. आम्ही दोघे मित्र तो गेल्या मार्गशीर्षात करून आलो.

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर आहे, तर अमरकंटक १,०५० मीटरांच्या आसपास. म्हणजे पायथ्याशी उभे राहून मान वर करावी असा हा डोंगर नाही. सातपुडा आणि मैकल यांच्या रांगा तुम्हांला हळूहळू, न सांगता, वर उचलतात. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज जड होतो आणि तुमचा हात आपोआप गिअर बदलतो. आपण चढतो आहोत हे पहिल्यांदा कळते ते गाडीला!

शहर मागे पडले की मंडल्याच्या रस्त्यावर बरेला लागते. येथून जवळच नर्रई नाल्याच्या परिसरात राणी दुर्गावतीची समाधी आहे. २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना ती घायाळ झाली आणि शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. येणारेजाणारे वाटसरू या समाधीवर पांढरी गारगोटी वाहून पुढे जात, अशी नोंद एकोणिसाव्या शतकात कर्नल स्लीमन यांनी करून ठेवली आहे. पायी चालणाऱ्याला खडा उचलायला वाकणे अवघड नव्हते. गाडीवरच्या माणसाला मात्र त्यासाठी इंजिन बंद करावे लागते, हातमोजे काढावे लागतात. आम्ही येथे थांबलो खरे, पण घड्याळ पाहतच थांबलो.

मंडल्याचा हा रस्ता नर्मदेच्या खोऱ्यातून जात असला, तरी नदी फारशी दिसत नाही. त्याला कारण आहे. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण १९९० साली पूर्ण झाले. १८५७ च्या लढ्यातील रामगढच्या राणीचे, अवंतीबाईचे, नाव त्याच्या जलाशयाला दिलेले आहे. त्या पाण्याने वीज दिली, शेतीला ओल दिली. त्याचबरोबर १६२ गावे बाधित झाली आणि तेथील कितीतरी शेतकरी जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागले. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली आपल्या नर्मदा-पदयात्रेचा आरंभ जबलपूर ते मंडला याच टप्प्याने केला होता. ते ज्या काठाने चालले, त्याचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. २०१८ साली वेगड गेले. ती वाट आता त्यांच्या पुस्तकांतूनच चालायची. जलाशय ओसरला की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर विस्थापित लोक पुन्हा पेरणी करतात. ही गोष्ट ठाऊक असली, म्हणजे दूरवर चमकणारे ते निळे पाणी तुम्ही निराळ्या डोळ्यांनी पाहाल.

पहिला मुक्काम मंडल्याला करावा. नर्मदेने या गावाला तीन बाजूंनी कवेत घेतले आहे. गोंड राजांचा हा किल्ला पुढे सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९९ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. आता तेथे पडके बुरूज आणि शांत घाट आहेत. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलात, तर दिवसभर कानांत भरलेली घरघर हळूहळू विरते आणि पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

दुसऱ्या दिवशी वाट थोडी वाकडी करून रामनगर पाहावे. राजा हृदयशाहाचा मोतीमहाल नदीकाठी उभा आहे. १६६७ च्या येथील संस्कृत शिलालेखात गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे. जवळच काळा पहाड आहे. कोणी घडवून रचून ठेवावेत असे बहुकोनी काळे दगडी खांब तेथे राशीने पडलेले आहेत. महाल बांधताना मंत्रबळाने उडवून आणलेल्या दगडांपैकी हे उरले, असे लोक सांगतात. शास्त्रज्ञ सांगतात की तापलेला लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला चिरा पडून हे खांब तयार झाले. दोन्ही कथा ऐकाव्यात आणि मग डिंडोरीचा रस्ता धरावा.

डिंडोरीच्या पुढे खरा घाटमाथ्याचा मुलूख सुरू होतो. दोन्ही बाजूंना सालाचे सरळसोट वृक्ष, मधूनच कोदो-कुटकीची शेते, पांढऱ्या मातीने सारवलेली गोंडांची घरे. याच भागातील पाटणगढ या खेड्यात वेरियर एल्विन यांचे काही काळ वास्तव्य होते. त्यांचा बैगा जमातीवरील ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. जनगढ सिंह श्याम हा चित्रकारही पाटणगढचाच. घराच्या भिंतीवर उमटणारे देव आणि प्राणी त्याने कागदावर आणि कॅनव्हासवर आणले, भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवर रंगवले. २००१ साली दूर जपानमध्ये त्याचा अंत झाला. पण त्याने घालून दिलेल्या वाटेने आज या खेड्यातील अनेक हात कुंचला चालवीत आहेत.

करंजिया सोडल्यावर घाटात आमच्या मागच्या चाकाची हवा गेली. चाक उतरवून आम्ही ट्यूब बाहेर काढीत होतो, तोच वरून चारपाच परिक्रमावासी उतरताना दिसले. हाती काठी, खांद्याला झोळी, कमंडलूत नर्मदेचे पाणी. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि कोठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. त्यांतल्या एक आजी आपल्या खानदेशातल्या निघाल्या. मराठी ऐकताच त्या आमच्याजवळ दगडावर टेकल्या.

“कुठून आलात, बाबांनो?”

“जबलपूरहून. परवा निघालो.”

“परवा?” आजी हसल्या. “आणि वाटेत मैया किती वेळा ओलांडलीत?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. किती पूल लागले, हे दोघांपैकी कोणालाही सांगता येईना. आजींनी झोळीतून मूठभर फुटाणे काढून आमच्या हातावर ठेवले, “नर्मदे हर” म्हटले आणि त्या चालू लागल्या.

कबीर चबुतऱ्यावरून पुढे गेले की अमरकंटक येते. येथे दोन रात्री तरी राहावे. नर्मदाकुंडातले पाणी ओंजळीएवढे शांत. जवळच कलचुरी राजा कर्ण याच्या काळातील, अकराव्या शतकातील मंदिरे आहेत. काही किलोमीटरांवर कपिलधारा येथे ही लहानशी नदी सुमारे शंभर फूट खाली उडी घेते. सोनमुडा हे शोण नदीचे उगमस्थान मानतात. नर्मदा आणि शोणभद्र यांचा विवाह ठरला होता. जोहिलेमुळे तो मोडला आणि रुसलेली नर्मदा पश्चिमेकडे निघून गेली, अशी कथा आहे. नकाशा उघडून पाहा: शोण पूर्वेकडे वळून गंगेला मिळते, नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहत पश्चिम समुद्र गाठते. एकाच माथ्यावरचा पाऊस दोन सागरांना वाटून जातो.

पाचव्या दिवशी पहाटे, बोटे बधिर करणाऱ्या थंडीत आणि धुक्यात आम्ही घाट उतरलो. गाडासरईच्या अलीकडे रस्त्याकडेला तीच काठी, तीच झोळी दिसली. आम्ही उगमावर दोन दिवस घालवले, तेवढ्यात आजी सुमारे चाळीस किलोमीटर चालल्या होत्या. या वेळी मात्र चाक फुटलेले नसतानाही आम्ही गाडी थांबवली.

“काय काय पाहिलंत?” त्यांनी विचारले.

आम्ही सारी यादी म्हणून दाखवली.

“आणि कोण कोण भेटलं?”

आम्ही गप्प झालो. मंडल्यात ज्याच्याकडे उतरलो त्याचे नाव विचारले नव्हते. ज्या गोंड मुलाने घाटात पाण्याची बादली आणून दिली आणि ट्यूबमधले भोक शोधून दिले, त्याचेही नाही. आजींना मात्र प्रत्येक मुक्कामाच्या यजमानाचे नाव पाठ होते आणि एकेकाचे घरही त्या सांगत होत्या. त्यांतल्या एका घराचे मूळ गाव बरगीच्या पाण्यात गेलेले होते. “आता त्यांच्या नव्या अंगणात परिक्रमावासी उतरतात,” आजी म्हणाल्या, “पण ती माउली अजून जुन्या गावाचंच नाव सांगते.”

परतताना डिंडोरीहून शहपुऱ्याचा रस्ता घ्यावा आणि घुघवा येथील जीवाश्म उद्यान चुकवू नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडवर्गीय आणि इतर झाडे येथे दगड होऊन पडली आहेत. त्यांत निलगिरीचेही अवशेष आहेत. एकेकाळी भारत आणि ऑस्ट्रेलिया ज्या प्राचीन महाखंडात जोडलेले होते, त्याला भूशास्त्रज्ञांनी याच गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव दिले.

निघताना एवढे ध्यानात ठेवा. ऋतू कार्तिक ते माघ हा बरा. टाकी मंडला आणि डिंडोरी येथे भरून घ्या. जादा ट्यूब, क्लचची तार, स्पार्क प्लग आणि पंक्चरचे सामान जवळ असू द्या. शिरस्त्राण दोघांनीही घाला, अंधार पडल्यावर जंगलातून गाडी हाकू नका आणि अमरकंटकसाठी घोंगडी न्या. आणखी एक वही न्या. तीत किलोमीटर आणि पेट्रोल यांचा हिशेब मांडाल, तो मांडाच. पण ज्यांनी पाणी दिले, वाट दाखवली, पाठ टेकायला जागा दिली, त्यांची नावेही लिहून आणा. आमच्या वहीत तसे एकच नाव आहे, आणि तेही दुसऱ्या भेटीत विचारलेले. आजींचे नाव नर्मदाबाई.