नऊ मुलांची शाळा

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा पाहू! इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट दिसेल. तेच आयर्लंड. या बेटाचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र देश आहे, तर उत्तरेकडचा छोटा भाग ब्रिटनच्या राज्यात मोडतो. या उत्तर भागातलं सर्वांत मोठं शहर म्हणजे बेलफास्ट. आज आपल्याला तिथल्या शॉज रोडवर जायचंय.

तिथं सगळे इंग्रजी बोलतात. पण या बेटाची मूळ भाषा वेगळी, तिचं नाव आयरिश. गंमत म्हणजे तिच्यात 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत! 'जेवलास का?' असं विचारलं, तर 'जेवलो' किंवा 'जेवलो नाही' असंच उत्तर द्यायचं.

मग ही भाषा मागं का पडली? १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांत शिकवणं इंग्रजीतच असे. कित्येक ठिकाणी मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. तोंडून आयरिश शब्द निघाला, की काठीवर एक खाच! संध्याकाळी खाचा मोजून मार मिळे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. त्यांत आयरिश बोलणारे गरीबच जास्त होते. उरलेल्या आईबापांना वाटू लागलं, की मुलांनी पोटासाठी इंग्रजीच शिकावं.

आता या शॉज रोडवर. १९६९ च्या सुमारास इथं काही तरुण जोडपी घरं बांधून एकमेकांशेजारी राहायला आली. आयरिश त्यांनी मोठेपणी शिकलेली. घरात मुलांशी फक्त आयरिशच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. मुलं मोठी झाली. आता शाळा कुठली? मग १९७१ साली त्यांनी स्वतःच एक शाळा काढली. मुलं किती? फक्त नऊ! सरकारी मदत नव्हती. शहरात तर तेव्हा गोळीबार आणि बॉम्बस्फोट चालू होते. आईबाबा वर्गणी गोळा करून शाळा चालवत. सरकारी मान्यता मिळायला १९८४ साल उजाडलं! १९९१ मध्ये माध्यमिक शाळा निघाली, तीही नऊच मुलांनिशी. आज तिथं शेकडो मुलं शिकतात.

आता अशा शाळा बेटावर सगळीकडे आहेत. दक्षिणेत त्यांना 'गेलस्कॉल' म्हणतात. बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजीच असते. तरी सुरुवातीला गणित, गाणी, गोष्टी सगळं आयरिशमध्ये चालतं. इंग्रजी वाचन-लेखन नंतर येतं. बाथरूमला जायची परवानगीसुद्धा आयरिशमध्येच मागायची! अडलेलं पोर ते वाक्य लगेच शिकतं.

खरी परीक्षा मात्र शाळा सुटल्यावर असते. दक्षिणेकडच्या देशात २०२२ च्या जनगणनेत सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे किती? फक्त ७२ हजारांच्या आसपास! भाषा वर्गात शिकवता येते. पण खेळताना, भांडताना, दुकानात ती तोंडात आली तरच टिकते.

त्याच २०२२ साली उत्तरेतही कायद्यानं आयरिशला अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. पण कायदा काही मधल्या सुट्टीत खेळायला येत नाही! ते काम शॉज रोडवरच्या मुलांचंच. आणि मुलांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही कुठल्या भाषेत भांडता? आज जरा कान देऊन ऐका.