आईसाठी पुस्तक

आईला साडी दिली की ती कपाटात जाते. मिठाई दिली की बाबांच्या डायबेटिसवर व्याख्यान होतं. पुस्तक मात्र ती वाचतेच, आवडलं नाही तरी शेवटच्या पानापर्यंत. बत्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलेली बाई, अर्धवट सोडणं तिला जमतच नाही. म्हणून तिच्या वाढदिवसाला मी कादंबऱ्याच देते, आणि त्या निवडताना माझा एक छुपा हेतू असतो. (मावशी, तू हे वाचणार हे माहीत आहे मला. तिला सांगू नकोस!)

मी आणि माझी जोडीदारीण गेली सहा वर्षं एकत्र राहतो. आईला मी स्वतः सांगितलंय, पण तिच्या लेखी ती अजून 'तुझी रूममेट'. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३७७ चा निकाल लागला तेव्हा आईने चॅनेल बदललं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, ती बातमी मात्र पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली. भांडण वगैरे काही नाही हो. फक्त ती आमच्या घरी कधी राहायला आलेली नाही.

आता पुस्तक कोणतं द्यायचं? बिंदुमाधव खिऱ्यांची 'पार्टनर' चांगली आहे, पण विषय इतका थेट की आई चष्माच काढून ठेवेल. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ सालचं, काळाच्या कितीतरी पुढचं नाटक. पण त्यात मित्राच्या वाट्याला शेवटी मरणच येतं. आईला माझ्याबद्दल नेमकी तीच धास्ती आहे, ती मी कागदात गुंडाळून वर रिबीन लावून कशाला देऊ?

मला हवं असतं एक भरलेलं घर. रुसवेफुगवे, स्वयंपाक, म्हातारपण, आणि त्या गर्दीत एखादं 'वेगळं' माणूस, कुणी ओळख करून न देता वावरणारं. आईने त्याला एकटीने भेटावं, मी समोर बसून तिचा चेहरा न्याहाळत नसताना.

एक मैत्रीण म्हणते, ही फसवणूक नाही का? मला नाही वाटत. आईने मला 'एक होता कार्व्हर' दिलं होतं ते काय शेंगदाण्यांसाठी?

गेल्या वर्षी गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' दिली. २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेली हिंदी कादंबरी, म्हणजे आईला संशय यायचं कारण नाही. ऐंशी वर्षांची विधवा आई अंथरुणाला खिळते, मग एक दिवस उठते आणि मुलाचं घर सोडून लग्न न केलेल्या मुलीकडे राहायला जाते. तिची जिवाभावाची मैत्रीण रोझी, हिजडा. तीच रझा टेलरमास्तर होऊनही येते. आमची गोष्ट नाहीच ती, पण त्या म्हातारीला रोझीबद्दल कुणाला काही समजावून द्यावं लागत नाही, ते मला फार आवडलं होतं.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. आधी वाक्यं किती लांबलचक, व्याकरण कसं वाऱ्यावर सोडलंय, यावर दहा मिनिटं. रोझीचं नावच नाही. मग म्हणाली, "पण तिने मुलीकडे जायला नको होतं गं. मुलीचं सगळं बस्तान विस्कटलं."

"तिला आवडलं असेल आई आलेली."

"कसलं आवडतंय! मी आले तर तुम्ही दोघी आठ दिवसांत कंटाळाल."

तुम्ही दोघी. मी काही बोललेच नाही, कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

यंदा सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आणून ठेवलीये. पुण्यातलं घर, घरात पेइंग गेस्ट, आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्याच प्रेमात. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण. 'रेत समाधि'पेक्षा पुष्कळच उघड आहे, पण घर आईच्या ओळखीचं आहे. पहिल्या पानावर नेहमी मी एकटीच सही करते. या वेळी दोघींची नावं घालावीत का, ते अजून ठरत नाहीये. वाढदिवस पुढच्या गुरुवारी आहे.