आपाच्या हातातला फोन

माझी थोरली बहीण रागावली की ओरडत नाही, गप्प होते. जुलै २०२० मध्ये ती अशीच गप्प झाली होती, आणि कारण मी होतो.

शाळा मार्चपासून बंद होत्या. उर्दू प्राथमिक शाळेत चोवीस वर्षं शिकवलेल्या आपाला आता मोबाइलवरून वर्ग घ्यायचा होता. मी शेजारी बसून सांगत होतो : इथे दाब, ते नाही, वरचं, अगं वरचं. तिसऱ्यांदा चुकल्यावर मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणालो, "आपा, इतना तो बच्चे भी कर लेते." समोर माझा दहा वर्षांचा मुलगा बसला होता. तो हसला.

आपा काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. पुढचे आठ दिवस तिने मला काहीही विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेच्या सूचना येत राहिल्या, ती वाचत राहिली आणि फोन उशीखाली ठेवत राहिली.

त्या आठ दिवसांत मला सारखे अब्बा आठवत होते.

अब्बा कातिब होते. शहागंजच्या बाजूला एका छापखान्यात बसून ते कलमाने उर्दू लग्नपत्रिका, पोस्टर, दुकानांच्या पाट्या लिहीत. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते. त्यामुळे इतर लिप्यांचे खिळे जुळवावेत तशी ती जुळवणं फार अवघड होतं, म्हणून उर्दू वर्तमानपत्रंसुद्धा कितीतरी वर्षं हातानेच लिहिली जायची. मिर्झा अहमद जमील यांनी केलेला नूरी नस्तालीक हा टंक वापरून १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'ने कॉम्प्युटरवर उर्दू अंक काढला. आपल्याकडे १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते अब्बांच्या छापखान्यातही पोचलं.

मालक भला माणूस होता. त्याने अब्बांनाही "शिकून घ्या" म्हटलं. दोन दिवस अब्बा माउस धरून बसले. शिकवणारा विशीतला मुलगा दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, आपसे नहीं होता ये." तिसऱ्या दिवसापासून अब्बा त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मी तेव्हा नुकताच दहावी झालो होतो. त्या खुर्चीवर मी बसलो आणि आजही माझं घर डीटीपीवरच चालतं.

लोक म्हणायचे, जुन्या माणसांना नवीन नको असतं. अब्बांना नवीन नको होतं असं मला कधीच वाटलं नाही. ज्यांना लोक उस्ताद म्हणत होते, त्यांना पोरासोरांसमोर अडाणी ठरायचं नव्हतं. तेवढीच गोष्ट होती. आणि पंचवीस वर्षांनी तेच वाक्य मी माझ्या बहिणीला ऐकवलं होतं.

आठव्या दिवशी मी तिच्यापुढे जाऊन बसलो. माफी मागितली. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "ठीक है. लेकिन फोन मेरे हात में रहेगा."

तेव्हापासून आमच्या घरात हा नियम आहे. शिकणाऱ्याच्या हातातून फोन घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं, चुकलं तर परत सांगायचं, हात मांडीवर ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. दुसऱ्याची बोटं चुकीच्या जागी फिरताना आपले हात आवरणं फार अवघड असतं.

आपा कॉम्प्युटर शिकली नव्हती असंही नाही. राज्यातल्या हजारो शिक्षकांसारखी तीही एमएस-सीआयटी पास आहे. प्रमाणपत्र फाइलमध्ये लावलेलं आहे. परीक्षेपुरता तिने एक्सेलचा तक्ता करून दाखवला होता. त्यानंतर तो कॉम्प्युटर तिच्या वर्गात कधी आलाच नाही. पुढे जी प्रशिक्षणं झाली त्यांत एक प्रोजेक्टर, साठ-सत्तर माणसं, आणि पुढे उभा राहून भराभर क्लिक करणारा एकजण. प्रशिक्षण संपलं की चहा, सही आणि घर. घरी आल्यावर पहिलं बटण कोणतं, हेच आठवायचं नाही.

यावेळी मी तिला अ‍ॅप कोणतं ते विचारलं नाही. मुलं किती आणि फोन किती, ते विचारलं. अडतीस मुलं होती. दिवसा घरात स्मार्टफोन असलेली घरं अकरा. बाकीच्यांचा फोन वडिलांसोबत रिक्षावर किंवा भाजीच्या गाडीवर जायचा आणि मगरिबनंतर घरी यायचा. म्हणजे सकाळी दहाचा ऑनलाइन वर्ग सत्तावीस मुलांसाठी नव्हताच. त्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमातून रोज अभ्यास येत होता, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली होती. ती मालिका मराठीत होती. आपाची मुलं मराठी विषय म्हणून शिकत होती, पण गणित मराठीतून समजून घेण्याएवढी ती तयार नव्हती.

मार्ग आपानेच काढला. रोज रात्री आठ वाजता तीन मिनिटांचा आवाजी संदेश. एक गोष्ट किंवा एक गणित, आणि शेवटी एक प्रश्न. कमी डेटात उतरतो, पुन्हा पुन्हा ऐकता येतो, आणि एका फोनभोवती तिघं भावंडं बसू शकतात. माझं काम एवढंच होतं की माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं आणि बोट धरून ठेवावं लागत नाही, हे दाखवायचं. ते तिने वहीत उर्दूत लिहून घेतलं. प्रत्येक पायरी तिच्या शब्दांत, तिच्या हाताने. ती वही अजून आहे. माझ्या दहा वेळा सांगण्यापेक्षा ती वही जास्त कामाला आली.

व्हिडिओची अडचण वेगळी होती. आपला चेहरा अनोळखी फोनांमधून फिरावा हे तिला नको होतं. तिच्या शाळेतल्या बऱ्याच शिक्षिकांना नको होतं. याला कुणी मागासलेपण म्हणेल. मला तो तिचा अधिकार वाटतो. आम्ही फ्रिजमधला काचेचा कप्पा काढला, दोन उंच डब्यांवर आडवा ठेवला आणि त्यावर फोन पालथा ठेवला. कॅमेऱ्यात फक्त वही आणि आपाचा हात. कातिबाची मुलगी आहे ती, अक्षर अब्बांनीच गिरवून घेतलेलं. पडद्यावर एकेक हर्फ उतरताना बघून एका मुलाच्या आईने निरोप पाठवला की आम्हीही बसून बघतो.

हळूहळू आपाच्या मैत्रिणी येऊ लागल्या. शाळा सुरू झाल्यावरही दर रविवारी दुपारी आमच्या घरी पाच शिक्षिका आणि निवृत्तीला आलेले एक सर बसायचे. प्रत्येकाने आपली एकच अडचण आणायची, एवढी अट. सरांची अडचण ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ते दुकानातून प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायचे आणि ती फाइल घरी उघडून बघितली की नुसती विचित्र चिन्हं दिसायची. पाच वर्षं त्यांना वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय. चूक त्यांची नव्हती. जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे दुसरीकडे चिकटवला की मोडतो. मराठीतही जुन्या फॉन्टमधली फाइल उघडताना हाच अनुभव अनेकांना आला असेल. मोबाइलवर उर्दू कीबोर्ड घेतला, त्याच्या माइकवर बोलून मजकूर उतरवला की तो कुठेही चालतो. स्लाइड करताना परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे केली नाही तर पूर्णविराम वाक्याच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो, हेही त्यांना तेव्हा कळलं. सर आता स्वतः प्रश्नपत्रिका करतात. माझं एक गिऱ्हाईक कमी झालं. चालायचंच.

त्याच सुमारास, ३ डिसेंबर २०२० ला, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपाच्या ग्रुपवर दिवसभर क्यूआर कोडची चर्चा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्यांच्यापासून सुरू झाला आणि २०१७ मध्ये राज्याने तो सगळ्या पुस्तकांसाठी स्वीकारला, हे खरंच आहे. पण आपाने वेगळाच प्रश्न विचारला, "कोडच्या आधी त्यांनी काय केलं?"

कोडच्या आधी त्यांनी हे बघितलं होतं की मुलींची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक त्या भाषेत नाही. म्हणून त्यांनी पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली, आणि कोड त्याला जोडला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात इथल्या मराठी घरांतल्या मुलांना शाळेत उर्दूतून शिकावं लागायचं. भाषा आड आली की हुशार मूलही गप्प बसतं, हे त्या पिढीने सोसलेलं आहे. आज उर्दू शाळेतल्या मुलांच्या बाबतीत तीच काळजी घ्यायची आहे. बालभारतीची उर्दू पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती फोनमध्ये उतरवून ठेवली की नेट नसतानाही उघडतात. रविवारच्या मंडळीतल्या तिघींना हे माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही, पण कुणीतरी सांगायला हवं होतं.

२०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला. आपाला वर्गात चंद्राच्या कला शिकवायच्या होत्या. फळ्यावर आठ गोळे काढून मुलांना काही कळत नाही, असं ती म्हणाली. पौर्णिमेनंतर चंद्र जातो कुठे, हा मुलांचा खरा प्रश्न होता, कारण तो उशिरा उगवतो तेव्हा ती झोपलेली असतात. रमजानमध्ये मात्र घर सहरीला जागं असतं. आपाने ठरवलं, रोज गच्चीवरून एक फोटो.

पहिले दोन दिवस नुसता पांढरा ठिपका आला. मी लांबूनच सांगितलं : पडद्यावर चंद्रावर बोट ठेव, सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढ. उजेड कमी झाला आणि कोर स्पष्ट दिसली. सुरुवातीच्या रोज्यांना संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर. चौदाव्या रोज्याला इफ्तारच्या सुमारास पूर्वेला पूर्ण चंद्र. पंचविसाव्या रोज्याला पहाटे पूर्वेला पुन्हा बारीक कोर, पण उलट्या बाजूला वळलेली. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, दिशा.

शाळेत एक प्रोजेक्टर कापडाखाली पडून होता. खिडक्यांना चादरी लावून आपाने ते फोटो ओळीने दाखवले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग ईदचा चाँद पहाटे का नाही दिसत?" प्रोजेक्टर बंद करून आपाने फोनचा टॉर्च लावला, एका मुलाच्या हातात लिंबू दिलं आणि त्याला गोल फिरायला लावलं. नवा चंद्र सूर्याच्या मागोमाग उगवतो, म्हणून दिवसा उजेडात हरवतो आणि सूर्य मावळल्यावर थोडा वेळ दिसतो, हे मुलांनी स्वतःच शोधलं. एवढ्या धड्यासाठी पंचवीस फोटो आणि एक लिंबू लागलं. इंटरनेट लागलं नाही.

तो प्रोजेक्टर कापडाखाली का होता, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या शहरात, आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर आणली. अशी नहर एकदा बांधून भागत नाही. तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं लागतात, नाहीतर पाणी कुठेतरी मुरून जातं. शाळेत वस्तू पोचते, पण ती रोज वापरायला शेजारी बसणारं माणूस पोचत नाही. आणि शिक्षकाच्या हातात जो फोन आहे त्यातला बराच वेळ मुलांसाठी जातच नाही. माहिती भरा, फोटो टाका, लिंक उघडा, आजच्या आज पाठवा. आपा रात्री अकरा वाजता आकडे भरत असते. अशा माणसाला 'तुम्ही डिजिटल होत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

परवा शेजारच्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांना मुलांची छोटी चाचणी ऑनलाइन फॉर्मवर घ्यायची होती. मी कामात होतो, म्हणून माझा मुलगा बसला. तोच, जो तेव्हा हसला होता. मॅडम गोंधळल्या आणि फोन त्याच्यापुढे करत म्हणाल्या, "तूच करून दे ना रे." त्याने दोन्ही हात मागे घेतले. म्हणाला, "आंटी, फोन तुमच्याच हातात ठेवा. फुप्पी रागावते."

आतून आपाचा हसण्याचा आवाज आला.

तुमच्याही घरात किंवा गल्लीत एखादी शिक्षिका असेल, एखादे सर असतील. त्यांना रविवारचा एक तास द्या. कोणता धडा अडतोय ते आधी विचारा, अ‍ॅपचं नाव नंतर काढा. आणि पोरंबाळं समोर असतील तर त्यांना हसू देऊ नका.