वाळूवर टेकलेली नाव

हेग येथे पुतण्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा त्याने मला मेसडाख पॅनोरामा नावाच्या वास्तूत नेले. आत शिरताच एका लहानशा जलरंगचित्रापाशी पाय खिळले. करडे आकाश, ओलसर वाळू आणि तिच्यावर टेकलेली, फुगीर पोटाची मासेमारीची नाव. लाटांचा फेस रंगवलेलाच नव्हता. कागदाचा कोरा शुभ्रपणा तेवढा राखून ठेवला होता.

चित्रकार हेन्ड्रिक विलेम मेसडाख, जन्म १८३१. पेढीवाल्या घराण्यातील हा गृहस्थ पस्तिसाव्या वर्षी पेढीवरून उठला आणि चित्रकला शिकण्यास ब्रुसेल्सला गेला. (आम्ही शिक्षक त्या वयात बदलीच्या हुकुमालाही भितो!) १८६८ च्या उन्हाळ्यात समुद्राने त्याला झपाटले ते कायमचेच. पुढल्याच वर्षी तो हेगला येऊन राहिला आणि १८७० साली पॅरिसमध्ये त्याच्या उत्तर समुद्राच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ १८७१ मध्ये एकुलता एक मुलगा गेला. त्या दुःखात पत्नी सिंचे हिनेही कुंचला हाती धरला.

नाव वाळूवर का, हा प्रश्न कोकण-गोव्याच्या वाचकास पडणार नाही. हेगच्या लगतच्या स्खेव्हेनिंगेन या कोळ्यांच्या गावाला तेव्हा बंदरच नव्हते; म्हणून सपाट बुडाची नाव थेट पुळणीवर चढवीत. डिसेंबर १८९४ च्या वादळाने पुळणीवरच्या या नावांची दाणादाण उडाली. पुढे १९०४ मध्ये बंदर झाले, खोल बुडाची गलबते आली आणि ही जात हळूहळू नाहीशी झाली.

मग अंधाऱ्या वाटेने जिना चढून वर गेलो, आणि क्षणभर आपण छपराखाली आहोत याचाच विसर पडला. पायाशी खरी वाळू, आणि सभोवार १८८१ सालचे स्खेव्हेनिंगेन: समुद्र, नावा, गावाची कौले. चौदा मीटर उंच आणि एकशेवीस मीटर घेराचे हे एकच चित्र! किनाऱ्यावरील वाळूच्या एका टेकाडावर काचेचे नळकांडे उभारून, त्यात उभे राहून मेसडाखने भोवतालचे दृश्य काचेवर उतरवले. ते टेकाड लवकरच खणून सपाट व्हायचे होते, तसे ते झालेही. ज्या कंपनीसाठी चित्र काढले ती १८८६ साली बुडाली, तेव्हा त्याने ते स्वतःच विकत घेतले.

एवढे प्रचंड काम एकट्याचे नव्हे. ब्राइटनर, द बॉक, ब्लोमर्स हे चित्रकार मदतीस होते, सिंचेही होती. गाव रंगवण्यात तिचा हात आहे. मी मात्र बराच वेळ तिलाच शोधीत होतो, कारण मेसडाखने तिला चित्रातच बसवले आहे, असे पुतण्याने सांगितले होते.

अखेर ती सापडली. खाली पुळणीवर, पांढऱ्या छत्रीखाली, चित्रफलकासमोर बसलेली एक इवलीशी स्त्री. समोर समुद्र, आणि ती रंगवते आहे.