चाळींतला चैत्र

मुंबईकराच्या घरीं पाहुणा म्हणून जाऊं नये, असें आमच्या नागपुराकडे सर्रास बोललें जातें. जागा अपुरी, माणसें घाईंत. उगाच कोणाला अडचणींत कशाला टाकावें? मीही याच समजुतीचा होतों. म्हणून गेल्या चैत्रांत मित्राच्या आग्रहावरून गिरगांवांतल्या त्याच्या चाळींत आठ दिवसांसाठीं उतरलों, तेव्हां परतीचें तिकीट आधींच खिशांत घालून गेलों होतों.

दोन खोल्यांचें बिऱ्हाड आणि माणसें पांच. आपल्या निजण्याची सोय कशी होणार, या विवंचनेंत मी होतों. पण त्या प्रश्नाचा निकाल मला न कळतांच गॅलरींत लागला. "पाहुणे आमच्याकडे निजतील हो," शेजारचे आजोबा म्हणाले. सकाळचा चहा तिसऱ्या बिऱ्हाडांतून आला. स्नानाला ऊन पाणी चौथ्यानें दिलें. मी एका घरचा पाहुणा म्हणून आलों आणि दुसऱ्याच दिवशीं सबंध मजल्याचा झालों.

शुद्ध तृतीयेपासून घरोघर चैत्रगौर बसली होती. वहिनींच्या हळदीकुंकवाला कैऱ्या किसण्यासाठीं चार घरच्या किसण्या जमल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हें झालें, हरभरे भिजले. समारंभ बायकांचा, पण पन्ह्याचा पहिला पेला माझ्या हातीं देत वहिनी म्हणाल्या, "भावोजी, गोड कमी वाटलें तर सांगा, लाजूं नका."

संध्याकाळीं मी भटकत असें. दादरच्या रस्त्यांवर सोनमोहराचा पिवळा सडा पडलेला असे, पर्जन्यवृक्षांवर गुलाबी फुलें असत. आणि परळला बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीवरून नुकताच फुलूं लागलेला गुलमोहर डोकावे. हा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष तर अमेरिका खंडांतून आलेला. मुंबईचा वसंत म्हणजे बहुतेक पाहुण्यांचीच किमया! आणि माणसें तरी कोठचीं? लालबाग-परळचे गिरणीकामगार कोंकणांतून आणि घांटावरून आले, एकाच खोलींत पाळीपाळीनें निजले, खाणावळी चालविणाऱ्या बायांच्या हातचें जेवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या; ती रीत मात्र थंडावली नाहीं. ज्याच्या आजोबांना कोणी तरी वळकटी पसरण्यापुरती जागा दिली, तो नातू पाहुण्याला 'जागा नाहीं' असें कसें म्हणेल?

निघण्याच्या आदल्या रात्रीं कळलें कीं, चाळ लवकरच पाडली जाणार आहे. पुनर्विकासाच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. जिने खचलेले, तुळया वाळवीनें पोखरलेल्या; सह्या करण्यांत कोणाची चूक नव्हती. वहिनी म्हणाल्या, "नव्या घरांत जागा मोठी मिळेल, भावोजी. पण दार लावलें कीं कोणाकडे कोण आलें, हें शेजाऱ्याला कळणार कसें?"

मला उत्तर सुचलें नाहीं. नागपूरच्या माझ्या घराला अंगण आहे, सहा खोल्या आहेत; त्यांतल्या दोन कायम कुलुपांत. इतक्या वर्षांत या मित्राला मीं एकदांही आग्रहानें बोलावलें नव्हतें. दर वेळीं कांहीं ना कांहीं अडचण निघे. ती अडचण जागेची खासच नव्हती.

घरीं परतल्यावर आधीं तीं कुलुपें काढलीं, खिडक्या उघडल्या आणि मित्राला पत्र टाकलें : "मुलांच्या परीक्षा संपतांच सगळीं या. शेजारच्या आजोबांनाही घेऊन या."